दक्षिणेला दोन हंडे

या अंकाचे संपादक माझे जुने स्नेही. गेल्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी मला चारदा सांगितलं, "नोकरीतलं काहीतरी लिहा." चारही वेळा मी लिहून दिलं. एकदा पुरात वाहून गेलेल्या मोरीबद्दल, एकदा विश्रामगृहाच्या छतात निघालेल्या नागाबद्दल, उरलेले दोन असेच. नागाचा लेख तर कुणीतरी शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचून दाखवला म्हणे. पण ते चारही लेख मी एक पाचवा लेख टाळण्यासाठी लिहिले होते. तो पाचवा लेख हा. यात नाग नाही. एक भिंत आहे, एक म्हातारी आहे आणि मी आहे.

मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ओव्हरसियर होतो. पदाचं नाव मध्ये दोनदा बदललं, लोकांच्या तोंडी मात्र ओव्हरसियरच राहिलं. माझ्याकडे बहुतेक जुन्या इमारतींची दुरुस्ती असे. हे काम कुणी मागून घेत नसे, कारण नव्या इमारतीला उद्घाटन असतं, नारळ असतो, फोटो असतो. दुरुस्तीला यातलं काही नाही. दुरुस्ती चांगली झाली तर ती कुणाला दिसतही नाही. मला ते आवडायचं. भिंतीवरची भेग पाहून भिंतीला काय झालंय ते सांगता येणं ही माझी कमाई होती. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भिंतीचं टोक खाली गेलंय. तिरपी असेल तर कोपरा खचलाय. आणि उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल, तर दोष भिंतीचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे.

आमच्या वाशीम भागात घर बांधायचं म्हणजे या मातीशी गाठ. सोयाबीन आणि तुरीला ती सोन्यासारखी, भिंतीला मात्र अवघड. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात शेतात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. घराच्या मधोमध, सावलीत, ती फारशी सुकत नाही. कडेला, उन्हात, जास्त सुकते. म्हणजे घराचा मधला भाग जागेवर आणि कडा खाली. घर फाटतं ते असं.

एका शाळेचे हेडमास्तर मला आठवतात. त्यांच्या वर्गाच्या भिंतीला भेग होती आणि त्यांनी तिच्यावर भारताचा नकाशा टांगला होता. दरवर्षी भेग वाढे आणि ते नकाशा जरा खाली घेत. मी तपासणीला गेलो तेव्हा भेग कन्याकुमारीच्या खालून निघून समुद्रात चांगली वीतभर गेली होती. मी म्हटलं, "सर, आता जगाचा नकाशा लावा." ते रागावले. मग मी त्यांना बसवून समजावलं की पायाच्या कडेची माती सुकू देऊ नका, बस. हे मी आयुष्यात शंभर लोकांना तरी सांगितलं असेल. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण पुढे मी काय केलं ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एक दिवस शलमोन मास्तर घरी आले. ते निवृत्त शिक्षक, आणि मेडशीच्या अलीकडे मुख्य रस्त्यापासून आत एक छोटी वस्ती आहे, तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी. वस्तीला सगळे मिशनवाडी म्हणतात.

"सायेब, आमचं देऊळ पाह्यलं काय तुमी?"

"कोणतं देऊळ?"

"चर्च म्हना. आमच्या आज्यापासून आमी देऊळच म्हनतो."

मी ते लहानपणी बसमधून पाहिलं होतं. दुष्काळाच्या काळात आलेल्या मिशनच्या लोकांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं आणि चुन्याचं. वर कौलं जाऊन पत्रे आले होते. दक्षिणेकडची भिंत त्रिकोणी, उंच, आणि तिच्या माथ्यावर छोट्या कमानीत घंटा. गोरे साहेब केव्हाच गेले. तीसेक घरं राहिली, शेती करणारी, मजुरीला जाणारी, आणि त्यांचं हे देऊळ. त्याच दक्षिणेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. बाहेरचा एक ट्रस्ट मदत करायला तयार होता. अट एकच, दिवाळीच्या आत इंजिनियरचा पुरता रिपोर्ट आणि दुरुस्तीचा आराखडा.

"सरकारी मानूस आमच्यापाशी कोन येते जी?" मास्तर म्हणाले. "तुमीच करा." मी फुशारलो. हेही लिहून ठेवतो.

जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा आराखडा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लोकांना वाटतं, दुरुस्ती म्हणजे गवंडी. गवंडी सगळ्यांत शेवटी येतो. आधी हात न लावता मोजायचं. प्रत्येक भिंतीचं चित्र काढायचं, त्यात दगड दाखवायचे, भेगा दाखवायच्या. मग भेगेवर काचेची पट्टी बसवायची. खिडकीच्या काचेतून कापलेली, बोटभर रुंद, वीतभर लांब. ती भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवायची आणि तिच्यावर तारीख घालायची. भिंत सुतभर जरी हलली तरी काच तडकते. माणूस सांभाळून घेतो, काचेला ते जमत नाही. अशा पट्ट्या लावून वर्षभर वाट पाहायची. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा. त्याशिवाय कागदावर एक ओळ लिहायची नाही.

मी पट्ट्या लावल्या ऑगस्टमध्ये आणि रिपोर्ट दिला नोव्हेंबरमध्ये. दिवाळीची अट होती ना. उन्हाळा मी पाहिलाच नाही.

ऑगस्टच्या त्याच दिवसांत राहेलबाई भेटल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगाने काटकी. देवळाची झाडलोट, घंटा वाजवणं, दार उघडणं-लावणं त्यांच्याकडे. किल्ली कमरेला सुतळीने बांधलेली. मी रिमझिम पावसात फिरत होतो तेव्हा मला भिंतीपासून दोन हात अंतरावर, देवळाच्या चारी बाजूंनी, वाळूने भरलेली एक अरुंद चर दिसली.

"आजी, हे काय आहे?"

"चर हाये."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"देवळाले पानी पाजाले."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"होळी झाली का सुरू करतो आमी," त्या म्हणाल्या. "दर रविवारी उपासना सुटली का एकेका घरचा एक हंडा. पाऊस पडेलोक. तीन बाजूनं एक-एक हंडा गेला का दक्षिणेकून दोन. भिंतीले शिंतोडा नाही लागला पाह्यजे. चरातच सोडाचा, हळू."

"कुणी सांगितलं हे?"

"माया सासऱ्याले त्याच्या बापानं. तो हे बांधाच्या वक्ती दगडं वाहे. मिस्त्रीनं जाता जाता सांगतलं का काळीवर बांधेल हाये, उन्हाळ्यात इले तहानू देजो नका."

"मे महिन्यात गावाला टँकरने पाणी येतं आणि तुम्ही ते भिंतीला पाजता?"

"अंगधुनीचं पानी राहते जी ते. देवाले चालते. तुमाले नाई चालत काय?"

मास्तर बाजूला उभे होते, ते खो खो हसले. मीही हसलो. आसपासच्या शेतकऱ्यांमध्ये या पाण्याची थट्टा जुनीच होती. 'यायचा देव जमिनीत राहते, म्हनून खाली पाजतात' असं कुणीतरी मला त्याच दिवशी चहाच्या टपरीवर ऐकवलं होतं.

आता विचार करा. दोन हात लांब, म्हणजे भिंत ओली होऊ नये. वाळू, म्हणजे पाणी सावकाश खोल जावं. दक्षिणेला दुप्पट, कारण ऊन तिकडे जास्त. हंगाम होळीपासून पावसापर्यंत. हेडमास्तरांना मी जे मोघम सांगितलं होतं, ते ही बाई मला मापासकट सांगत होती. पण मी ते नेहमी मातीबद्दल सांगत असे. देवळाच्या अंगणात, उपासनेनंतर, हंड्यांच्या रांगेतून होणारी गोष्ट मला देवाबद्दल वाटली. भिंतीच्या पायथ्याला गुडघाभर हिरवट ओल होती. ऑगस्टात कुठल्या भिंतीला नसते? मी वहीत लिहिलं, ओलीचं कारण चर.

रिपोर्ट नोव्हेंबरातल्या एका रविवारी उपासनेनंतर वाचला गेला. मास्तरांनी वेदीपाशी उभं राहून खणखणीत आवाजात वाचला. माझं मराठी चांगलं होतं, तेही नडलं. "मंडळीतील काही अशिक्षित व्यक्तींच्या आग्रहाने चालत आलेल्या, पाणी ओतण्याच्या अज्ञानमूलक प्रथेमुळे पाया दुर्बल झालेला आहे. ही प्रथा तत्काळ बंद करून चर बुजवावी व सभोवार काँक्रीटचा पट्टा टाकावा." काही व्यक्ती असं मी लिहिलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, व्यक्ती एकच आहे. बायकांच्या बाजूच्या साऱ्या माना एका दिशेने वळल्या.

राहेलबाई उठून उभ्या राहिल्या. "सायेब शिकेल हायेत. त्याईले मातीचं समजत असन," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "पन दक्षिणेकून ध्यान ठेवा जी."

कुणीतरी मागून म्हणालं, "आता बस कर व बुढे, पार पाया पोकळ केला."

पुढच्या आठवड्यात कमिटीने झाडलोटीचं काम दुसऱ्या घराकडे दिलं. किल्ली मागायला मास्तर गेले. डिसेंबरात चर बुजली आणि देवळाभोवती तीन फूट रुंद काँक्रीट पडलं. माझा वाशीमला एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आणखी दोन ठिकाणांहून जुन्या इमारतींसाठी बोलावणी आली. भिंतीच्या मुख्य दुरुस्तीला ट्रस्टची माणसं पावसाळ्यानंतर येणार होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी पट्ट्या तपासायला गेलो. दुपारची वेळ, वस्तीत चिटपाखरू नाही. एकूण नऊ पट्ट्या होत्या. चार शाबूत. दक्षिणेच्या भिंतीवरच्या पाच, पाचही तडकलेल्या. खाली काँक्रीटचा पट्टा मातीपासून सुटला होता. मी खाली बसून त्या फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला. आतली माती भाकरीच्या करपलेल्या कडेसारखी कोरडी होती.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. त्यासाठी विचार करावा लागला नाही. चौतीस वर्षं मी तेच तर वाचत आलो होतो. हिवाळ्यात माती आधीच सुकायला लागली होती, तिच्यावर मी झाकण घातलं. वरून अवकाळी पावसाचं थेंबभर पाणी जाईना आणि होळीनंतर जे हंडे जायचे ते मी बंद केले होते.

करायला काय हवं होतं तेही मला ठाऊक होतं. मास्तरांना हाक मारायची, देवळाला कुलूप घालायला सांगायचं, भिंतीला टेके द्यायचे आणि वस्तीतून राहेलबाईंना बोलावून आणायचं. मी पिशवी उघडली. तीत काचेच्या पट्ट्या होत्या आणि पांढरं सिमेंट होतं. तडकलेल्या पाच पट्ट्या काढल्या, नव्या पाच लावल्या आणि त्यांच्यावर आजची नाही, ऑगस्टमधली जुनी तारीख घातली. मनाशी हिशेब असा की तीन आठवड्यांत पाऊस येईल, माती फुगेल, भेग मिटेल आणि मग मी काहीतरी निमित्त काढून ते काँक्रीट गुपचूप फोडायला लावीन.

तेवढ्यात मास्तर टॉवेलने घाम पुसत आले. "काय म्हनते भिंत?"

"काही म्हणत नाही. बरी आहे."

"मंग च्या घ्या ना जी घरी."

मी चहा घेतला. नोंदवहीत 'नऊही पट्ट्या शाबूत' असं लिहून खाली सही केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, एका मंगळवारी भर दुपारी दक्षिणेची भिंत घंटेसकट खाली आली. मंगळवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. रविवार असता तर बायकांची बाजू तीच. 'कुणाला लागलं नाही' हे वाक्य मी त्यानंतर स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्याचा मला कंटाळा आहे.

मी गेलो तेव्हा वस्ती ढिगाऱ्यापाशी उभी होती. जो तो एकच बोलत होता, राहेलबाईने वर्षानुवर्षं पाणी मुरवलं, पाया कुजला, सायबाने सांगितलं तोवर उशीर झाला होता. मास्तरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "असंच झालं ना, सायेब?"

राहेलबाई लांब लिंबाच्या झाडाखाली उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

"नुकसान जुनंच होतं," मी म्हणालो.

ट्रस्टने हात काढून घेतला. उघड्या बाजूला पत्रे ठोकले गेले, दगड अंगणात रचून ठेवले. राहेलबाईंना कुणी वस्तीतून काढलं नाही. पण पाणी भरायला गेल्या की हसू ऐकू यायचं. पावसाळा संपल्यावर त्या एक पेटी घेऊन एसटीने अनसिंगला मुलीकडे, मार्थाकडे, गेल्या. हे मला मास्तरांनी सहज म्हणून सांगितलं. मीही सहज ऐकल्यासारखं ऐकलं.

अकरा वर्षं गेली. यंदा फेब्रुवारीत अमरावतीहून मेघना नावाची एक आर्किटेक्ट बाई माझ्या घरी आली. मंडळीने पुन्हा उचल घेतली होती आणि ट्रस्टही पुन्हा मदतीला तयार झाला होता. पडलेली भिंत त्याच दगडांनी उभी करायचा आराखडा तिच्याकडे होता. माझा रिपोर्ट आणि नोंदवही तिने प्लॅस्टिकच्या फोल्डरात जपून घातली होती.

"काका, इतकं बारीक मोजमाप आजकाल कुणी करत नाही," ती म्हणाली. "मी सगळं यावरूनच धरलंय. फक्त एक समजत नाही. मेमध्ये नऊच्या नऊ काचा शाबूत, आणि तीन आठवड्यांत भिंत खाली. असं कसं?"

मी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"आणि दुसरं. अंगणातल्या दगडांना पट्ट्यांचे तुकडे अजून चिकटलेत. उभ्या भिंतींवरच्या चार पट्ट्या चुन्यात बसवलेल्या आहेत. या दगडांवरच्या पांढऱ्या सिमेंटमध्ये. तुमच्या नोंदीत सगळ्या एकाच दिवशीच्या आहेत."

दुरुस्तीच्या धंद्यात माझ्याइतकं बारीक पाहणारं माणूस मला कधी भेटलं नव्हतं. ते भेटायला अकरा वर्षं लागली. खरं सांगतो, भीतीच्या आधी मला बरं वाटलं.

"पाच पट्ट्या मी बदलल्या," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. चर, हंडे, काँक्रीट, ती दुपार.

तिने पिशवीतून आराखडा काढून माझ्यासमोर पसरला. "मी खाली आणखी जाड काँक्रीट दाखवलंय, काका. आणि प्लॅस्टिकचा कागद."

"फाडा ते नकाशे."

"तुम्ही लिहून द्याल?"

"देतो. आधी अनसिंगला जाऊन येतो."

होळीनंतर चार दिवसांनी मी बसने अनसिंगला गेलो. मार्थाच्या ओसरीत बाजेवर राहेलबाई तूरडाळ निवडत बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या. नजर अधू, कान चांगले.

"कोन हाये?"

"मी, वाशीमचा ओव्हरसियर."

"इंजिनेर सायेब! व मार्था, सायेब आले पाय. च्या ठेव." मार्था आत गेली. राहेलबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हात जोडले. "बरं झालं बापा तुमी आले. मले माफी द्या."

"कशाची?"

"भिंतीची. इतकी वर्सं पानी टाकलं म्या. माया पाई गेली. रोज प्रार्थनेत माफी मांगून राह्यली मी. पन तुमची मांगाची राह्यली होती."

त्यांच्या मनात हे अकरा वर्षांत उतरलं होतं. लोकांनी तेच म्हटलं, कागदावर तेच होतं, मग त्यांनीही तेच मानलं.

"नाही, राहेलबाई. पाणी बरोबर होतं. माझा रिपोर्ट चूक होता."

"म्हातारीले बरं वाटावं म्हनून म्हनता."

"नाही." मी खाली बसलो, सुपातली डाळ जमिनीवर पसरून तिची भिंत केली, चर केली आणि माती कशी सुकते, कडा कशी खाली जाते ते त्यांना दाखवलं. त्या डोळे बारीक करून पाहत राहिल्या.

"मंग मिस्त्री बरोबर होता?"

"पूर्ण."

"आन माया सासरा?"

"तोही."

त्या हसायला लागल्या. तोंडात दात नव्हते, पण ते हसू एखाद्या पोरीचं होतं. "मायाकून एक हंडा कमी पडला तं लाकूड घेऊन धावे बुढा!" मग त्यांनी मला सगळं लिहून घ्यायला लावलं. कोणत्या रविवारी सुरू करायचं, वळीव पडला तर किती आठवडे थांबायचं, कोपऱ्यावर पाणी का सोडायचं नाही. माझ्या साऱ्या नोकरीत इतकं नेमकं मार्गदर्शन मला कुणा वरिष्ठाने केलं नाही.

लिहून झालं. मी पेन खिशाला लावलं. तेव्हा त्यांनी विचारलं, सहज, शेजारपाजारचं विचारावं तसं, "मंग सायेब, तुमाले हे कवा समजलं?"

मार्था आत चहा गाळत होती. ओसरीत आम्ही दोघंच.

"या वर्षी," मी म्हणालो. "ती नवी बाई आली ना, तेव्हा."

"असं होय," राहेलबाई म्हणाल्या. "मंग तुमचा काय दोष जी? मानसाले समजते तवाच समजते." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

बसमध्ये मी स्वतःला समजावलं की खरी गोष्ट मिशनवाडीत सांगायची, सगळ्यांसमोर, जिथे त्यांचं नाव गेलं तिथेच. ठरलंही तसं. ईस्टरनंतरच्या रविवारी जीप पाठवून त्यांना आणायचं, चर पुन्हा खोदलेली असेल, त्यांच्यासमोर मी माझा नवा कागद वाचायचा. त्या रविवारच्या आठ दिवस आधी मार्थाचा फोन आला. झोपेतच गेल्या. देवळामागच्या दफनभूमीत त्यांना आणलं तेव्हा मी गर्दीत मागे उभा होतो.

रविवार मी पुढे ढकलू दिला नाही. मंडळीचे पाद्री, पाळकसाहेब, म्हणाले, थोडे दिवस थांबू. मी म्हटलं, अकरा वर्षं थांबलो आहे. कागद मी स्वतः वेदीपाशी उभा राहून वाचला. रिपोर्ट चूक होता. चर बरोबर होती. मे महिन्यात पाच काचा तुटल्या होत्या, मी त्या बदलल्या आणि खोटी नोंद केली. भिंत पडली तेव्हा खरं ठाऊक असून गप्प बसलो. राहेलबाईंचा काहीही दोष नव्हता. आवाज कापला नाही याचं मला आजही समाधान आहे.

शलमोन मास्तर आता ऐंशीचे. ते काठी टेकत उठले. "तिच्या कमरेची किल्ली म्या सोडली, सायेब. या हातानं. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून."

मी कागद त्यांच्या हातात दिला.

"आता या दुसऱ्या कागदाचं काय करू?"

"मंडळीच्या सभेच्या पुस्तकात चिकटवा."

"चिकटवतो. पन पह्यला काढनार नाही. दोनी राहतीन. कोनी वाचन तं दोनी वाचन." ते बसले, पुन्हा उठले. "आन काचा आता तुमी लावाच्या नाहीत. ती पोरगी लावन."

बरोबरच होतं. काचा मेघनाने लावल्या. काँक्रीट फुटलं, चर उघडली, पाऊस पडेपर्यंत दर रविवारी हंडे गेले. दक्षिणेला दोन. उभ्या भिंतींवरची एकही पट्टी या उन्हाळ्यात तडकली नाही. अंगणातल्या दगडांवर क्रमांक पडले आहेत. कुठला दगड कुठल्या थरात होता हे माझ्या जुन्या चित्रावरून लागतंय, तेवढी एक वस्तू मी खरी केली होती. पण वर्ष पुरं झाल्याशिवाय एकही दगड चढवायचा नाही, यावर मी अडून बसलो आहे. ट्रस्टवाल्यांचे फोन येतात, घाई करा म्हणून. मी त्यांना सांगतो, पुढच्या पावसापर्यंत थांबा. थांबायचं नसेल तर दुसरा म्हातारा शोधा. दर महिन्याच्या एक तारखेला मी बसने जातो, भिंतीपासून दोन हात लांब उभा राहून पट्ट्या पाहतो. आकडे मेघना लिहिते, मी फक्त वाचून दाखवतो.

वाचलेल्या त्या कागदात सगळं होतं, एक सोडून. वाचन संपल्यावर मार्था माझ्याजवळ आली होती. डोळे रडून लाल. म्हणाली, "तुमी घरी येऊन आईले सारं सांगतलं, हे लय बरं केलं जी. शांत गेली ती." मी मान हलवली. होय म्हणून. तेव्हाही.

म्हणून हा पाचवा लेख. मार्थाने तो वाचावा, मंडळीने वाचावा, आणि ज्यांना आता तो वाचता येणार नाही त्यांच्यासाठी हे शेवटचं.

राहेलबाई, तुम्ही विचारलं होतं, कधी समजलं. मे महिन्याच्या त्या दुपारी, फटीत हात घातला तेव्हाच समजलं होतं. तुमच्यासमोर बाजेपाशी बसून मी पुन्हा खोटं बोललो. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून माफ केलंत ते न समजल्याबद्दल. समजून गप्प राहिल्याबद्दल माफी मागायची होती, ती मी मागितली नाही.